पाण्याच्या घागरीखालची तिवई

इनायतच्या पायावरून बैलगाडीचं चाक गेलं ते कामशेतच्या एका वरातीत. कुणीतरी चंद्रज्योत पेटवली, बैल बुजले आणि गाडी घेऊन थेट बँडमध्ये घुसले. सगळे दोन्ही अंगांना पळाले. इनायत तेवढा मागं राहिला, कारण त्याच्या गळ्यात साइड ड्रम अडकवलेला होता आणि तो आधी ड्रम वाचवायला वळला. ड्रम वाचला. पायही कापावा लागला नाही, पण उजवा घोटा कायमचा आखडून बसला. काठी टेकत बाजारातून मशिदीपर्यंत जाता येई. वरातीबरोबर गावभर चालता येईना. आणि बँडवाल्याची सगळी भाकरी चालण्यावर.

लोणावळ्यात महिपती मास्तरांचा बँड तेव्हा नावाजलेला होता. मास्तर स्वतः क्लॅरोनेट वाजवत. खंडाळ्यापासून कामशेतपर्यंत कुठंही लग्न निघालं की नारळ त्यांच्याच दारात यायचा. इनायतला मिसरूड फुटली तीच त्या बँडमध्ये. त्याचा ड्रम चपटा, खालच्या कातड्यावर तारा ताणलेला. वर काडी पडली की खाली तारा खर्रकन उठायच्या आणि झोपलेलं गाव जागं व्हायचं. गळ्यात पट्टा, डाव्या मांडीवर ड्रम, आणि चालता चालता दोन्ही हात मोकळे सोडायचे. इतक्या वर्षांत त्या मांडीला घट्टा पडला होता. लग्नसराईत त्याची बायको जैनब तिथं कोमट तेल चोळून द्यायची आणि म्हणायची, "ही तुमची दुसरी माझ्यापेक्षा जास्त वेळ मांडीवर बसते."

जैनब गेली ती पाय मोडायच्या आदल्या वर्षी. एकुलती मुलगी शहनाज भिवंडीला दिलेली. तिचं घर मोठं, माणसं पुष्कळ, तिला यायला सवड नव्हती. बाजारामागच्या खोलीत इनायत एकटाच राहायचा.

पाय मोडला तेव्हा मास्तर रोज यायचे. मग एक दिवसाआड. मग आठवड्यानं. मग लग्नसराई सुरू झाली. त्यांचा दोष नव्हता. चालत्या माणसाला थांबलेल्याकडं यायचं तर वाट वाकडी करावी लागते. इनायतच्या जागी तळेगावचा रियाज नावाचा तरणा गडी आला. संध्याकाळी बाजारातून वरात निघाली की इनायत खोलीत बसून ऐकायचा. रियाजचा उजवा हात चांगला होता, डावा कच्चा. चौथ्या ठोक्याला डावा हात मागं राहायचा. हे इनायतला भिंतीपलीकडूनही कळायचं, पण सांगायचं कुणाला? चहा करावा, कपात ओतावा, नि कप हातात घेऊन बसावं, असा त्याचा दिवस जायचा.

लढाईचे दिवस होते ते. लोणावळ्याला गोरे सोल्जर विश्रांतीला यायचे, मुंबईची पैसेवाली माणसं बाँबच्या भीतीनं येऊन राहायची. टेकडीवरच्या एका हॉटेलात शनिवारी संध्याकाळी नाच व्हायचा. तिथं सान्तान नावाचा गोव्याचा माणूस पियानो वाजवायचा. त्याचा ड्रमवाला मुंबईला निघून गेला, आणि कुणीतरी त्याच्या कानावर इनायतचं नाव घातलं. त्यानं निरोप पाठवला.

इनायत ड्रम खांद्याला लावून, काठी टेकत, चार ठिकाणी थांबत टेकडी चढला. हॉलमध्ये टेबलं बाजूला सारलेली होती. सान्तान पियानोपाशी बसला होता. उंच, वाळका, डोक्यावर केस थोडे. त्यानं खुर्चीकडं बोट दाखवलं. इनायतनं दुसऱ्या एका खुर्चीवर ड्रम ठेवला आणि समोर बसून वाजवायला लागला. पहिली चाल बरी गेली. दुसऱ्या चालीला ड्रम वेताच्या बैठकीवरून सरकू लागला. तिसऱ्या चालीत तो इनायतच्या गुडघ्यावर आला.

सान्ताननं पियानो थांबवला. "हात चांगला आहे तुझा," तो म्हणाला. "पण स्टँड पाहिजे. तीन पायांचं. मजबूत पाहिजे, नाहीतर ड्रम चालत दारापर्यंत जाईल."

"ते इथंच ठेवता येईल?"

"नाही. इथं लोक जेवतात. नाच संपला की सगळं उचलायचं. माझा पियानो जड आहे म्हणून राहतो."

इनायत उतरून घरी आला. त्यानं जन्मात कधी स्टँड घेतलं नव्हतं. त्याचं स्टँड म्हणजे त्याचे दोन पाय, आणि त्यातला एक गेला होता.

आधी त्यानं घरातल्या वस्तूंवर प्रयोग करून पाहिले. लाकडी पेटीवर ड्रम ठेवला तर खालच्या तारा दबून मुक्या झाल्या. ड्रमला खालून हवा लागते. उपड्या घमेल्यावर ठेवला तर ड्रमपेक्षा घमेलंच जास्त वाजलं. दोन विटा उभ्या करून ठेवला तर एक वीट पडली. शेजारच्या खोलीतून कुणीतरी विचारलं, "काय चाललंय हो?" इनायत म्हणाला, "काही नाही." शेजाऱ्यानं पुन्हा विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटून गेलं.

मग तो पुण्याला गेला. तिथं लष्कर भागात वाद्यांचं एक दुकान होतं. काचेमागं एक विलायती स्टँड घडी करून ठेवलेलं होतं, काळ्या रंगाचं, पितळी चावीचं. लढाईमुळं बाहेरून माल येणं बंद होतं. दुकानदारानं त्याची किंमत सांगितली तेव्हा इनायतनं ते उघडूनही पाहिलं नाही. दुसरं होतं ते इथलंच केलेलं, पातळ नळीचं, वर निकेलचा चकचकाट. परवडण्यासारखं होतं. इनायतनं त्याच्यावर आपला ड्रम ठेवला आणि काड्या काढल्या. हळू वाजवलं तोवर स्टँड शहाण्यासारखं उभं होतं. हात जलद झाला तसं ते थरथरलं, आणि एकेक पाय उचलत दाराकडं निघालं.

दुकानदारालाच हसू आलं. "पायांना चिंध्या बांधा," तो म्हणाला.

"शेठ, मी स्टँड घ्यायला आलोय. लंगडं जनावर नाही." बोलून गेल्यावर इनायतचं लक्ष स्वतःच्या काठीकडं गेलं. दुकानदारानंही तिकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. मग तो एवढंच म्हणाला, "लढाई संपू द्या. येईल माल."

परतीच्या गाडीत इनायतनं मनाशी ठरवून टाकलं. पाय पसरट हवेत. सांधा पिळून घट्ट होणारा हवा. आणि एका हातानं उचलता यायला हवं, कारण दुसऱ्या हातात काठी. चकचकाट नसला तरी चालेल.

कामशेतला अंबाजी लोहार होता. त्याच्या थोरल्या लेकीच्या लग्नात इनायतनं पहाटेपर्यंत वाजवलं होतं. इनायतनं बोटांनी हवेत तीन पाय काढून दाखवले, वरचे तीन हात दाखवले. अंबाजी भाता ओढत म्हणाला, "त्येला काय लागतंय? आठ दिसांनी या. हाताचं काय घेनार न्हाई म्या तुमच्याकडनं, लोखंडाचं तेवढं द्या."

आठवड्यानं इनायत गेला तर तिवई तयार होती. गाडीच्या चाकावरच्या जुन्या धावेचं लोखंड तोडून अंबाजीनं पाय केले होते. वरती ड्रम बसायला तीन वाकडे हात. इनायतनं ड्रम ठेवला आणि होतं नव्हतं ते बळ लावून वाजवला. तिवई तसूभर हलली नाही. भट्टीपाशी बसलेली माणसं उठून बघायला आली. इनायतचा ऊर भरून आला. त्यानं काड्या खिशात ठेवल्या, ड्रम खांद्याला लावला, काठी घेतली आणि दुसऱ्या हातानं तिवई उचलली.

ती उचलली जाईना. दोन्ही हात लावल्यावर उचलली, पण मग काठी कुठं धरायची? दाराशी पोचेपर्यंत तो घामाघूम झाला आणि त्यानं ती खाली ठेवली.

"अंबाजी, ही टेकडीवर कशी न्यायची रे?"

अंबाजीनं डोकं खाजवलं. "ते माझ्या ध्यानातच आलं न्हाई. मला वाटलं, घट पायजे, हलाया नगं." मग म्हणाला, "हलकी आन् घट अशी एकच तिवई म्या बघितलीया. वलवणच्या झुंबरबाईकडं. तिचा मालक भिमाजी पलटणीच्या बँडात व्हता, पयल्या लढाईत बसऱ्याला गेलता. तितनं आनलेली. एकडाव तिचा पाय निखळला व्हता, तो म्याच सांदला."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तिच्यावर पान्याची घागर असती. म्हातारी देनार न्हाई. मानूस गेल्याला लय वर्सं झाली, पर तिवई जागची हलली न्हाई."

इनायत वलवणला गेला तेव्हा ऊन उतरत होतं. झुंबरबाईचं घर गावाच्या कडेला, धरणाकडच्या अंगाला होतं. म्हातारी अंगणात तांदूळ निवडत बसली होती. साठीची, बारीक, कपाळ मोकळं. इनायतनं काठी भिंतीला लावली, कोण कुठला ते सांगितलं आणि अंबाजीचं नाव घेतलं.

"तिवई?" ती म्हणाली. "ती कशापायी?"

"ड्रम ठेवायला, मावशी. माझं काम अडलंय तिच्यावाचून."

दारातून आतली तिवई दिसत होती. तिन्ही पाय पसरून ती कोपऱ्यात उभी होती. वरच्या तीन हातांत घागर अशी बसली होती की जणू तिच्यासाठीच कुणी ती घडवली असावी. सांध्यावर पिळायची पितळी चावी होती, पाण्यानं हिरवी पडलेली. इनायत बघतच राहिला. भरल्या घागरीखाली जी इतकी वर्षं हलली नाही, ती ड्रमखाली काय हलणार? पुण्याच्या दुकानातल्या काचेमागं होती ती हिच्याच जातीची.

"मी दुसरी देतो बदली," तो म्हणाला. "अंबाजीनं केलेली. जन्मात मोडायची नाही. घागर ठेवायला हिच्यापेक्षा चांगली."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "घागरीचं काय, घागर मी चुलीपाशीबी ठिवीन. पर ती त्यांची हाय." आणि मग, बराच वेळ कुणाशी न बोललेलं माणूस एकदम बोलू लागतं तशी ती बोलू लागली. भिमाजी लढाईवरून आला तो तिवई घेऊन आला; ड्रम पलटणीचा होता, तो तिकडंच राहिला. घरी त्यानं कधी काडी हातात धरली नाही. तिनं विचारलं की म्हणायचा, ते पलटणीचं काम, तुला काय कळायचं त्यातलं. "पर झोपंत बोटं हालायची त्यांची. गोधडीवर. म्या जागी राहून बघायची. काय वाजवत्यात, कुनास्नी वाजवून दावत्यात, काय ठावं? बारा वर्सं त्यांच्यासंगं ऱ्हायले, पर ते काय काम करत व्हते ते म्या कदी ऐकलं न्हाई."

 इनायतला आठवलं की जैनबनं त्याला कधी बँडमध्ये वाजवताना पाहिलं नव्हतं. ती पडद्याआडून वरात जाताना ऐकायची, आणि वरात तर घटकाभरात पुढं जायची.

"तुमी वाजवता न्हवं?" म्हातारी म्हणाली. "मग ह्येच्यावर ठिवून एकदा वाजवून दावा. मला ऐकायचंय. मग बघू द्यायाचं का न्हाई ते."

चार दिवसांनी कामशेतहून तांदळाची गाडी लोणावळ्याकडं येत होती, तिच्यात अंबाजीची तिवई घालून इनायत वलवणला उतरला. बरोबर ड्रम होता. झुंबरबाईनं त्या दिवशी अंगण सारवलं होतं. तिवई रिकामी करायची वेळ आली तेव्हा इनायत उंबऱ्याबाहेर थांबला. घागरीला त्यानं हात लावायचा नव्हता, हे त्याला माहीत होतं आणि तिलाही; दोघंही त्यावर काही बोलली नाहीत. म्हातारीनं आधी पाणी हंड्यात ओतलं, मग रिकामी घागर उतरवली, मग तिवई दोन्ही हातांत धरून बाहेर आणली आणि त्याच्यापुढं ठेवली. तिला ती सहज उचलता आली.

इनायतनं चावी तेलानं सैल केली, तिन्ही हात ड्रमच्या मापाला आणले आणि चावी पिळली. ड्रम असा बसला की त्याला खालून ढकलून पाहिलं तरी तो हलेना. इनायत ओट्यावर बसला. झुंबरबाई समोर भिंतीला टेकून, पदर डोक्यावर घट्ट ओढून बसली. देवळात बसावं तशी.

त्यानं वाजवलं. आधी पलटणीची चाल म्हणून त्याला जे माहीत होतं ते, मग वरातीचं, मग नुसता लांबलचक कडकडाट, अगदी हळू सुरू करून वाढवत नेलेला आणि पुन्हा उतरवत आणलेला. पाय मोडल्यापासून हात इतके मोकळे सुटले नव्हते. तिवई पाय रोवून उभी होती. गोठ्यातली शेरडं ओरडायला लागली. त्यानं शेवटचा ठोका मारून कातड्यावर हात ठेवला.

म्हातारी वाट बघत होती. तिनं विचारलं, "एवढंच?"

इनायतनं ड्रमवरचा हात काढून घेतला.

"म्हंजी, वाईट न्हाई," ती म्हणाली. "पर म्या म्हनलं कायतरी मोठं आसंल. गाणं आसंल. ह्ये नुसतं पत्र्यावर पाऊस पडल्यागत." तिचा आवाज बारीक झाला. "ह्येच्यासाठी झोपंत बोटं हालायची त्यांची?"

इनायतला आधी राग आला. मग तो राग कुठं गेला ते त्यालाच कळलं नाही. ओट्यावर काडी आपटत तो सावकाश म्हणाला, "मावशी, हे एकट्यानं वाजवायचं वाद्यच नाही. गाणं क्लॅरोनेटमध्ये असतं, पिपाणीत असतं. आपण त्यांच्या पायाखालची वाट करून द्यायची. तुमच्या मालकांच्या अवतीभवती तीस-चाळीस माणसं उभी असतील. ती सगळी त्यांना झोपेत ऐकू येत असतील. मग बोटं हलणारच की. माझीही हलतात."

"तुमचीबी?"

"कोण बघणार? हलत असतील."

झुंबरबाईनं ड्रमकडं पाहिलं. मग उठली, आणि दाराशी ठेवलेली अंबाजीची तिवई ओढत ओढत आत कोपऱ्यात नेऊ लागली. इनायत उठायला लागला तर म्हणाली, "बसा तुमी. म्या नेते." घागर तिच्यावर ठेवून तिनं मागं सरून पाहिलं. बाहेर येऊन म्हणाली, "घेऊन जावा ती. तितं मानसं हायती न्हवं वाजवायला?"

"एक आहे. पियानोवाला."

"एक तर एक."

ती तिवई एका हातात मावत होती. इनायत ती घेऊन टेकडी चढला तेव्हा एकदाच थांबला.

हॉटेलातलं काम सुरू झालं. सान्ताननं तिवईची चावी पिळून पाहिली, पाय ठोकून पाहिला आणि मान हलवली. नाताळपर्यंत दर शनिवारी, आणि नाताळात रोज, इनायत तिथं वाजवत होता. ड्रम हलला नाही, ठोका चुकला नाही. गोरे सोल्जर मडमांना धरून गोल गोल फिरायचे. त्यांच्यातले काही इतके पोरसवदा की मिशीही नीट आलेली नाही. वरातीत माणसं ड्रमच्या अंगावर येऊन नाचायची, टोपी उडवायची, "इनायतभाई, होऊ द्या" म्हणून ओरडायची. इथं मेण लावलेल्या फरशीवर सगळे लांबून यायचे आणि लांबून जायचे. कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं. बघायचं कारणही नव्हतं; ठोका बरोबर असला की तो कुणाला ऐकू येत नाही.

सान्तानचा स्वभाव वाईट नव्हता. पण त्याला स्वतःचंच काहीतरी होतं. चाल संपली की तो पुढच्या चालीचं नाव सांगायचा, एवढंच. नाच संपल्यावर इनायतला स्वयंपाकघरामागं जेवण मिळायचं. तिथं बसून तो डाव्या मांडीवरून हात फिरवायचा. ड्रम आता तिवईवर, त्याच्यापासून हातभर लांब असायचा. मांडीवरचा घट्टा मऊ पडत चालला होता.

नवीन वर्ष लागलं आणि नाच थांबले. हॉटेल लष्करानं जखमी सोल्जरांसाठी घेतलं. सान्ताननं इनायतचा हात हातात घेऊन जोरात हलवला, आणि मुंबईच्या गाडीत बसून तो गेला.

इनायतच्या मनात होतं की झुंबरबाईला एकदा सगळा बँड ऐकवायचा. महिपती मास्तरांना सांगून, वलवणला एखादं लग्न असलं की तिच्या दारावरून वरात न्यायची. तो तिला हे सांगायला गेला तर घराला कडी-कुलूप. शेजारणीनं सांगितलं, लेक मुंबईहून आला आणि घेऊन गेला. सून बाळंत व्हायची होती. "आता कशाला येतीया परत? पाणी भरायला लागंल तिकडं नातवाचं." इनायत थोडा वेळ ओट्यावर बसला. अंबाजीची तिवई आणि घागर आत कोपऱ्यात आहेत का ते त्याला बाहेरून दिसत नव्हतं. मग उठून गेला.

उन्हाळ्याच्या तोंडाला मास्तर स्वतः त्याच्या खोलीवर आले. केस पुष्कळ पिकले होते त्यांचे. दारातच म्हणाले, "इनायत, कार्ल्याला मुक्ताबाईच्या लेकीचं लग्न आहे. त्यांना मांडवात बसून वाजवणारा बँड पाहिजे, पाव्हण्यांची जेवणं होईस्तोवर. बसून वाजवायचं म्हणजे तूच. येशील ना?"

"रियाज?"

"रियाज वरातीला. मांडवात तू."

इनायत गेला. मांडवाच्या एका अंगाला जाजम अंथरून वर खुर्च्या मांडल्या होत्या. त्यानं तिवई उघडली, चावी पिळली, ड्रम ठेवला. त्याच्या उजव्या कानाशी मास्तरांचं क्लॅरोनेट, मागं पिपाण्या, डावीकडं मोठा ढोल. पहिल्या चालीला सगळे एकदम सुटले तेव्हा त्याचे डोळे भरून आले. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून ते पुसता आले नाहीत. मास्तर क्लॅरोनेट तोंडात धरूनच त्याच्याकडं बघून भुवया उडवत होते. जुन्या चाली, जुन्या जागा. कुठं कोण श्वास घेणार हे त्याला ठाऊक होतं. दुपार कशी गेली कळलं नाही.

ऊन कललं आणि वरात निघायची वेळ झाली. नवरा मळवलीचा, नदीपलीकडचा. नवरा-नवरीसाठी घोडा दाराशी आणला. मास्तर उठले, तसे सगळे उठले. इनायतही सवयीनं अर्धा उठला आणि खुर्चीच्या पाठीला धरून पुन्हा बसला. रियाज गळ्यात पट्टा घालून उभा होता. इनायतनं त्याला जवळ बोलावलं. "डावा हात आवळून धरतोस तू. मनगट मोकळं सोड. चौथ्याला मागं राहणार नाहीस मग."

रियाज चपापला. "तुम्हाला कधी दिसलं?"

"ऐकलंय."

मास्तरांनी जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "येतो रे," म्हणाले. मळवलीहून बँड परस्पर स्टेशनला जाणार होता, हे दोघांनाही माहीत होतं.

वरात निघाली. मांडव रिकामा होत गेला. इनायत काड्या हातात धरून बसून होता. बँडचं वाजाप वेशीपर्यंत जाईतोवर तो त्याच्याबरोबर अगदी हळू, तारा सैल करून, ठोका धरत राहिला. मग ते लांब गेलं तसा आवाज उशिरा यायला लागला. त्याचा ठोका आणि त्यांचा ठोका जुळेना. त्यानं काड्या खाली ठेवल्या.

मांडवाच्या खांबाशी नवरीची आई, मुक्ताबाई, बसली होती. सकाळपासून धावून धावून तिचा चेहरा उतरला होता. बायका आत आवराआवर करत होत्या, तिला कुणी हाक मारत नव्हतं. तिनं इनायतकडं पाहिलं.

"भाऊ, वाजाप ऐकू येतंय का वो अजून? मला न्हाई येत आता."

इनायतनं मान तिरपी केली. "येतंय."

"कुटवर गेली आसंल?"

"सडकेला लागली. आता थांबलेत, पोरं नाचतायत वाटतं." तो ऐकत राहिला. "निघाले."

मुक्ताबाई सरकत सरकत जाजमाच्या कडेशी आली आणि गुडघ्यांना मिठी मारून बसली. "आन् आता?"

"आता नदीच्या उताराला. क्लॅरोनेट खाली उतरलं."

"ती घाबरली आसंल. गप बसली आसंल घुंगटात."

"रियाजचा हात सुटला," इनायत म्हणाला. "बरोबर वाजवतोय आता."

तिला ते कळलं नाही, पण तिनं मान हलवली. वारा पडला होता. मांडवावरची आंब्याची पानं सुकली होती. नदीपलीकडं वाट वळते, तिथं टेकाड आड येतं. तिथून पुढचं कार्ल्यात कुणालाच ऐकू येत नाही.

"भाऊ, आता?"

"आता पूल ओलांडला," इनायत म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "आता मळवलीची माणसं सामोरी आलीत." त्याला काही ऐकू येत नव्हतं. पण वरात गावात कशी शिरते, कुठं थांबते, कुठल्या दाराशी चाल बदलते, हे त्याला पाठ होतं, आणि मुक्ताबाई विचारत होती तोवर तो एकेक सांगत राहिला.